परतफेडीची ऐपत न पाहता दिलेले गृहकर्ज : कर्जदाराला कायद्याचे संरक्षण असावे का?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘ताबा सूचना’ (थकलेल्या कर्जापोटी बँक घर ताब्यात घेत असल्याची जाहीर नोटीस) या मथळ्याखाली बारीक टायपात छापलेले तक्ते इतके नेहमीचे झाले आहेत की बहुतेक वाचक पान उलटून पुढे जातात. कर्जदाराचे नाव, सहकर्जदार म्हणून बहुधा पत्नीचे नाव, सर्व्हे नंबर, सदनिका क्रमांक, चतुःसीमा, नोटिशीची तारीख आणि येणे रक्कम एवढा तपशील त्यात असतो. ते कर्ज त्या माणसाला मुळात झेपण्यासारखे होते का, आणि झेपणार नाही हे देणाऱ्याला दिसत होते का, हा प्रश्न त्या तक्त्यात नसतो. तो आपल्या कायद्यातही कुठे विचारला जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

गृहकर्जावर नियमच नाहीत असे मुळीच नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली आहे. पण हे मोजमाप तारणाचे झाले. कर्जदाराच्या उत्पन्नातला जास्तीत जास्त किती भाग हप्त्यात जावा, याची गृहकर्जासाठी सक्तीची मर्यादा नाही. ते प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर सोडलेले आहे. गंमत अशी की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला जे सूक्ष्मकर्ज दिले जाते, त्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून अशी मर्यादा आहे : सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे शिलाई मशीनसाठी ४० हजार घेणाऱ्या बाईच्या बाबतीत जी काळजी आवश्यक ठरते, ती वीस वर्षांसाठी ४० लाख घेणाऱ्या कारकुनाच्या बाबतीत ऐच्छिक आहे.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. २०२१ मध्ये गृहकर्ज पावणेसात टक्क्यांना मिळत होते. त्या दराने ४० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता साधारण ३०,४०० रुपये येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्याला जोडलेले कर्ज सव्वानऊ टक्क्यांवर पोहोचले. वर्षभर हप्ते भरून मुद्दल ३९ लाखांवर आले आहे असे धरले, तर नव्या दराने महिन्याचे व्याजच ३०,०६० रुपये होते. हप्ता तेवढाच ठेवला तर मुद्दलात जेमतेम साडेतीनशे रुपये जातात आणि कर्ज फिटायला ४८ वर्षे लागतात. मुदत न वाढवता फेडायचे तर हप्ता ३६,४०० च्या आसपास जातो. मंजुरीच्या वेळी या शक्यतेचे गणित कर्जदारापुढे कोणी मांडले होते का? दरवाढीमुळे हप्ता किंवा मुदत किती बदलू शकते हे मंजुरीच्या वेळीच सांगावे, हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला निवडू द्यावे आणि हप्त्यातून व्याजही फिटत नाही अशी स्थिती येऊ देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितले. तोवर दरवाढ होऊन गेलेली होती.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपले नियम बँकेला रिझर्व्ह बँकेपुढे उत्तरदायी करतात, कर्जदारापुढे नाही. नियम मोडून कर्ज दिले तर बँकेला कदाचित दंड होईल, पण ज्याच्या माथी ते कर्ज मारले त्याचा हप्ता, नोटीस आणि लिलाव यांत तसूभरही फरक पडत नाही. परतफेडीची ऐपत तपासणे हे देणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य असावे आणि ते मोडल्यास कर्जदाराला वसुलीच्या वेळी तसा बचाव घेता यावा, असे मला वाटते. कर्जमाफी हा संपूर्ण वेगळा विषय आहे; कृपया तो येथे आणू नये.

ठेवपावती

मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझ्याकडेच येते.

ऐपत तपासली जात नाही हे खरे नाही. पगारपत्रके, फॉर्म सोळा, सहा महिन्यांचे खाते उतारे, सिबिल अहवाल हे सगळे पाहिले जाते आणि साधारणपणे सर्व हप्ते मिळून निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास राहतील असे बघितले जाते. गडबड होते ती या चौकटीच्या बाहेर, आणि ती बहुतेक वेळा कर्जदाराच्या संमतीने होते. ५० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. बँक ४० लाख देते. उरलेले १० लाख, पुणे शहरात ७ टक्के मुद्रांक शुल्काचे साडेतीन लाख, नोंदणीचे ३० हजार आणि ५ टक्के जीएसटीचे अडीच लाख धरले तर माणसाकडे रोख सव्वासोळा लाख हवेत. किती नोकरदारांकडे ते असतात? मग कोणी भविष्य निर्वाह निधीतून काढतो, कोणी पतसंस्थेतून, कोणी सोने ठेवतो, आणि आजकाल मोबाइलवर दहा मिनिटांत वैयक्तिक कर्ज मिळते. गृहकर्जाची फाइल मंजूर झाल्यानंतरच्या आठवड्यात घेतलेले हे कर्ज आमच्या छाननीत दिसणार कसे? सहा महिन्यांनी पहिला हप्ता परत येतो तेव्हा कळते की घरात तीन हप्ते चालू आहेत.

दुसरे म्हणजे, बँकेचा पैसा हा बँकेचा नसतो. कर्ज बुडाले तर ते माझ्यासारख्या ठेवीवर जगणाऱ्याच्या व्याजातून भरून निघते, आणि सहकारी बँकेत तर ठेवच अडकते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना स्वतःचे पैसेही हवे तसे काढता येईनात, ती वेळ आठवा. तेथे कर्ज एका बिल्डर समूहाचे होते, घर घेणाऱ्यांचे नव्हते, हे मान्य. पण वसूल न होणाऱ्या कर्जाचा भार शेवटी कोणावर पडतो हे त्यातून दिसले. कर्जदाराला ‘मला कर्ज द्यायलाच नको होते’ असा बचाव दिला, तर हप्ता चुकवणारा प्रत्येक जण तो घेईल.

सहीपूर्वी_वाचा

ठेवपावती यांच्याशी सहमत. सज्ञान माणसाने चाळीस पानांच्या करारावर सही केली आहे. झेपणार नव्हते तर घ्यायचे नव्हते.

कल्याणजंक्शन

वरील प्रतिसाद वाचून लिहिणे भाग पडले. झेपणार होते म्हणूनच मी कर्ज घेतले होते. ‘आता फक्त वीस टक्के भरा, ताबा मिळेपर्यंत एकही हप्ता नाही’ अशी जी योजना २०१० नंतरच्या दशकात सगळीकडे जोरात होती, त्यातला मी एक. योजना अशी : माझ्या नावावर कर्ज मंजूर होते, कर्ज देणारी संस्था ती रक्कम बांधकामाच्या टप्प्याची फार वाट न बघता बिल्डरच्या खात्यात जमा करते आणि ताबा मिळेपर्यंतचे व्याज बिल्डर भरतो. माझ्या प्रकल्पात चौथ्या स्लॅबवर काम थांबले तेव्हा कर्जातला बहुतांश पैसा बिल्डरकडे गेलेला होता. काही महिन्यांनी त्याने व्याज भरणे बंद केले. पुढच्या महिन्यात ईसीएसने माझ्या पगार खात्यातून रक्कम कापली गेली आणि मी चौकशीला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने त्रिपक्षीय करारातले कलम पेन्सिलने अधोरेखित करून माझ्यासमोर ठेवले. बिल्डरने न भरल्यास जबाबदारी कर्जदाराची. मी भाडेही भरत होतो आणि नसलेल्या घराचा हप्ताही. संस्थेचे आणि बिल्डरचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

सहीपूर्वी_वाचा यांना माझा एकच प्रश्न आहे. मी करार वाचला नाही असे समजा. पण ज्या संस्थेने चार स्लॅबच्या इमारतीला जवळजवळ पूर्ण पैसे दिले, तिच्या अभियंत्याने जागेवर जाऊन काय वाचले?

वकिलीबाणा

कल्याणजंक्शन यांनी सांगितलेला प्रकार नियमबाह्य होता, हे सर्वांनी लक्षात घेतले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ३ सप्टेंबर २०१३ रोजीच बँकांना बजावले होते की गृहकर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित असावे आणि अपुऱ्या प्रकल्पांत एकरकमी आगाऊ पैसे देऊ नयेत. गृहवित्त कंपन्या तेव्हा राष्ट्रीय आवास बँकेच्या देखरेखीखाली होत्या आणि अशा व्याजसवलत योजनांपासून दूर राहण्याची तंबी त्यांना जुलै २०१९ मध्ये मिळाली. मधली सहा वर्षे काय झाले ते वेगळे सांगायला नको. दिल्ली परिसरातील अशाच घरखरेदीदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्यांच्यावर सक्तीची कारवाई आणि धनादेश न वटल्याचे खटले यांना स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये बिल्डर व कर्ज देणाऱ्या संस्था यांच्या संगनमताचा तपास सीबीआयकडे सोपवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईसह इतर काही शहरांतील प्रकल्पांबाबतही गुन्हे नोंदवण्यास परवानगी दिली. परंतु हा दिलासा न्यायालयाने त्या प्रकरणापुरता दिलेला आहे. कल्याणच्या माणसाला तो आपोआप लागू होत नाही.

आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. कर्जदाराने हरकत घेतली तर १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते, पण ते उत्तर बँकच बँकेच्या बाजूने देते. त्यानंतर १३(४) खाली ताबा, जो आधी दारावर नोटीस चिकटवून सांकेतिक घेतला जातो आणि पुढे जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पोलीस बंदोबस्तात प्रत्यक्ष घेतला जातो. कर्जदाराने ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचे. तेथे तपासले जाते ते एवढेच, की बँकेने उचललेली पावले या कायद्याला धरून होती का. नोटीस नीट बजावली का, मूल्यांकन केले का, लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, त्यातही एका स्थानिक भाषेतल्या, दिली का. मी अशा अर्जांत उभा राहिलो आहे आणि यश मिळते ते नोटिशीतल्या त्रुटींवर मिळते. कर्ज देतानाच्या वर्तनाबद्दल बोलू लागलो की समोरचे वकील शांतपणे सांगतात, हा विषय येथे नाही. दिवाणी न्यायालयात जावे तर कलम ३४ आडवे येते, कारण ते दिवाणी न्यायालयांना यात हात घालू देत नाही. अपिलात जावे तर येणे रकमेच्या निम्मे आधी भरा, फार तर ही अट २५ टक्क्यांपर्यंत खाली येईल.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे असे कोणी सुचवील, म्हणून आधीच सांगतो : एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार ग्राह्य धरली जात नाही, आणि कर्ज किती द्यायचे हा व्यावसायिक निर्णय ठरतो.

एक छोटी गोष्ट जाता जाता. येणे रक्कम मुद्दल आणि त्यावरचे व्याज यांच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरली असेल तर सरफेसी लावता येत नाही. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि शेवटच्या टप्प्यात नोटीस पाहून ते घर विकून मोकळे होतात.

जुनेदप्तर

कर्ज देणाऱ्याच्या वर्तनाची चौकशी न्यायालयाने करावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जखतांवर होता. खते मिळवायची आणि जाळायची. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी आला. त्याचे बारावे कलम महत्त्वाचे आहे. खतावर सही आहे एवढ्यावर हुकूमनामा न देता न्यायाधीशाने व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपर्यंत मागे जाऊन त्याचा इतिहास आणि खरेखोटेपणा तपासावा, असे ते सांगत होते. दामदुपटीचा नियम, म्हणजे थकलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ न देणे, मुंबई इलाख्यात त्याही आधीपासून चालत आलेला होता आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही तो आला. १९१८ च्या जाचक व्याजाच्या कायद्याने न्यायालयांना असा व्यवहार पुन्हा उघडण्याचा अधिकार दिला.

मग हा अधिकार गेला कुठे? बँकांपुरता तो १९८४ मध्ये काढून घेतला गेला. बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घालण्यात आले आणि व्याजदर अवाजवी आहे या कारणावरून बँकेचा व्यवहार कोणत्याही न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असे ठरले. सावकाराच्या खताची चौकशी होऊ शकते, बँकेच्या खताची नाही. १९८४ मध्ये त्यामागे तर्क होता, कारण व्याजदर तेव्हा रिझर्व्ह बँकच ठरवत असे. दर मोकळे झाल्यावर कलम तसेच राहिले.

मात्र १८७९ च्या कायद्याचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. न्यायालय गहाणखत उकरून काढते हे पाहिल्यावर सावकारांनी गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि कर्ज मिळणेही कठीण झाले. म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूचा असलो तरी या औषधाचा उपद्रवही लक्षात ठेवतो.

सिडनीतला_सातारकर

तुम्ही मागता तो कायदा आमच्याकडे आहे. ऑस्ट्रेलियात २००९ च्या राष्ट्रीय ग्राहक कर्ज संरक्षण कायद्याने कर्ज देणाऱ्यावर बंधन घातले की ग्राहकाच्या परिस्थितीची चौकशी करावी, ती पडताळावी आणि ‘अनुचित’ ठरणारे कर्ज देऊ नये. ज्या कर्जाची परतफेड ग्राहक केवळ हलाखी सोसूनच करू शकेल ते अनुचित; आणि राहते घर विकल्याशिवाय फेडता येणार नसेल तर ती हलाखीच आहे असे कायदा गृहीत धरतो, तसे नाही हे देणाऱ्याने सिद्ध करायचे. ग्राहकाला वित्तीय तक्रार प्राधिकरणाकडे विनाशुल्क जाता येते आणि बेजबाबदारपणे दिलेले कर्ज हा तेथे तक्रारीचा रीतसर विषय आहे.

पण कायदा असणे आणि त्याला दात असणे यांत अंतर आहे. देशातल्या एका मोठ्या बँकेने, वेस्टपॅकने, अर्जदाराचा खरा घरखर्च विचारात न घेता सरासरी खर्चाचा तयार आकडा वापरून हजारो कर्जे मंजूर केली म्हणून नियामक न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी नियामकाचा दावा फेटाळला. आज महागडे मांस आणि उंची वाइन यांवर खर्च करणारा माणूस घरासाठी साधे खाऊन राहू शकतो, तेव्हा आजचा खर्च निर्णायक नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०२० मध्ये अपीलही फेटाळले गेले. त्याच वर्षी सरकारने ही बंधने बरीचशी काढून टाकण्याचा प्रस्ताव आणला, तो सिनेटमध्ये अडकला आणि कायदा टिकला.

२०१९ च्या बँकिंग चौकशी आयोगाच्या अहवालानंतर मी घर घेतले. आमच्या तीन महिन्यांच्या खाते उताऱ्यावर कर्ज अधिकाऱ्याने पिवळ्या मार्करने खुणा केल्या होत्या : कॉफी, टॅक्सी, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास, साताऱ्याला आईला पाठवलेले पैसे. शेवटच्या ओळीवर त्याने विचारले, हे दरमहा आहे का आणि थांबवता येईल का? राग आला, पण त्याने ते विचारणे योग्यच होते असे वाटते. आम्हाला मागितल्यापेक्षा कमी कर्ज मिळाले.

एडिसनकर

अमेरिकेबद्दल थोडक्यात. २००८ च्या आधी उत्पन्नाचा पुरावा न मागता, पहिली दोन वर्षे कमी दराने आणि नंतर चढ्या दराने अशी कर्जे सर्रास दिली गेली, कारण देणारा ते कर्ज लगेच पुढे विकून मोकळा होत असे. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने परतफेडीची ऐपत तपासणे सक्तीचे केले आणि त्याचे नियम १० जानेवारी २०१४ पासून लागू झाले. धागाकर्ता जो बचाव मागत आहेत तो या कायद्यात आहे. घरावर जप्ती आली तर ‘माझी ऐपत तपासली नव्हती’ हे कर्जदार वजावटीच्या स्वरूपात मांडू शकतो, दावा दाखल करण्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली असली तरी, आणि कर्ज दुसऱ्याने विकत घेतले असले तरी. त्याने कर्ज रद्द होत नाही. भरलेले व्याज आणि शुल्क यांतला ठरावीक भाग येणे रकमेतून वजा होतो. ठेवपावती यांना वाटणारी भीती, की प्रत्येक थकबाकीदार फुकट घर घेऊन बसेल, तेथे या मर्यादेमुळे टळते.

रिक्षास्टँड

मी छोटी घरकर्जे देणाऱ्या संस्थेत काम करतो. विरार, बदलापूर, तळोजा या भागात आमचे ग्राहक आहेत : रिक्षाचालक, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, प्लंबर, मच्छी विकणाऱ्या. त्यांच्यापैकी कोणाकडेही फॉर्म सोळा नाही. आमचा माणूस केंद्रावर सकाळी जाऊन बसतो, पिठाच्या गोणीची बिले बघतो, डबे मोजतो, गॅस सिलिंडर किती दिवसांनी बदलतो ते विचारतो आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज लिहितो. हा अंदाज वकिलाने न्यायाधिकरणात चिरून काढायचा ठरवला तर पाच मिनिटांत निघेल. तुमचा कायदा आला की आमची संस्था दुसऱ्या दिवशी काय करील? कागद असलेल्यालाच कर्ज देईल. पोळीभाजीवाल्या बाई मग चाळीतल्या भिशीवाल्याकडे किंवा महिना पाच टक्क्यांच्या सावकाराकडे जातील. जुनेदप्तर यांनी १८७९ नंतरचे जे सांगितले ते मला उद्याचे चित्र वाटते.

तरीही एक गोष्ट मी आतून पाहिली आहे, म्हणून लिहितो. कर्ज आणून देणाऱ्या एजंटाला वितरित रकमेवर टक्केवारी मिळते आणि ती वितरणानंतर लगेच मिळते. कर्ज सहा महिन्यांत थकले तरी ती परत घेतली जात नाही. शिवाय कर्जासोबत एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी मुद्दलात मिसळली जाते. विमा सक्तीचा नाही हे ग्राहकाला सांगितले जात नाही, आणि त्यावर वीस वर्षे व्याज लागते. ऐपत तपासण्याचा कायदा होईल तेव्हा होवो, ही दोन कामे नियमाने उद्या करता येतील.

सहीपूर्वी_वाचा

विम्याचा मुद्दा पटला. माझ्याही कर्जात तो होता आणि मी करार वाचूनच सही केली होती, कारण तो काढला तर मंजुरीला वेळ लागेल असे सांगितले गेले. कल्याणजंक्शन यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

पर्वतीपायथा

प्रतिसादांतून माझी मागणी बरीच नेमकी झाली आहे. पूर्ण कर्ज रद्द करण्याचा बचाव मी मागत नाही; एडिसनकर यांनी सांगितलेली वजावटीची पद्धत मला मान्य आहे. मुद्दल फेडलेच पाहिजे, कारण त्यात ठेवीदाराचा पैसा आहे. परंतु नियामकाने लेखी घालून दिलेला नियम मोडून कर्ज दिले असेल, उदाहरणार्थ बांधकामाच्या टप्प्यापूर्वी वितरण केले असेल, दरवाढीचे गणित सांगितले नसेल किंवा किमतीच्या मर्यादेपेक्षा जास्त कर्ज दिले असेल, तर त्या कर्जावरचे व्याज आणि दंड मागण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याने तेवढ्या प्रमाणात गमवावा, आणि हा प्रश्न सरफेसीच्या कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे केलेल्या अर्जात तपासता यावा. रिक्षास्टँड यांच्या बाईंना याने धक्का लागत नाही, कारण अंदाज चुकला म्हणून कोणाला शिक्षा होणार नाही. पिठाची बिले पाहिल्याची नोंद फाइलमध्ये असली की पुरे. काहीच न पाहता आकडा लिहिला असेल तरच प्रश्न उठेल.

ठेवपावती यांचा वैयक्तिक कर्जाचा मुद्दा मात्र मला अजून सुटलेला दिसत नाही. गृहकर्ज देणाऱ्याने सगळे नीट तपासले आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने मोबाइलवर चार लाख दिले, तर दोष दुसऱ्याचा धरावा लागेल, कारण त्याला गृहकर्ज सिबिलवर दिसत होते.

ठेवपावती

त्या आठवड्यात दिसत नसते. आमच्या वेळी पतमाहिती महिन्यातून एकदा जात असे. जानेवारी २०२५ पासून ती पंधरा दिवसांनी पाठवणे सक्तीचे झाले. दोन अहवालांच्या मधल्या फटीत घेतलेले कर्ज दोघांनाही दिसत नाही, फक्त घेणाऱ्याला ठाऊक असते. तेव्हा तुमच्या कलमात कर्जदाराने स्वतः खोटी माहिती दिली असेल किंवा दुसरे कर्ज लपवले असेल तर त्याला हा बचाव मिळणार नाही, असे वाक्य घाला. ते घातलेत तर माझा विरोध बराच कमी होतो. एजंटाची टक्केवारी पहिली बारा महिने राखून ठेवण्याची सूचना तर मी नोकरीत असताना लेखी दिली होती. तिची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

वकिलीबाणा

ठेवपावती यांचे वाक्य घालायला हरकत नाही, फक्त ‘लपवले’ हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेवावा, नाहीतर प्रत्येक उत्तरात ते छापील परिच्छेद म्हणून येईल. एक तांत्रिक भर : केवळ सरफेसीत दुरुस्ती पुरणार नाही. बँका वसुलीसाठी न्यायाधिकरणात मूळ अर्जही दाखल करतात आणि त्यासाठी १९९३ चा वेगळा कायदा आहे. दोन्हीकडे हे कलम लागेल, शिवाय २१-अ ला अपवाद करावा लागेल. व्यक्तींच्या दिवाळखोरीचा विषय तर मी अजून काढलाच नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला तिसरा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांखेरीज इतर व्यक्तींना अद्याप लागू केलेला नाही, त्यामुळे हप्त्यांत बुडालेल्या मुंबईकराला आजही १९०९ चा कायदा लागतो आणि ठाण्यातल्याला १९२० चा. त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

कल्याणजंक्शन, तुमच्या प्रकरणात महारेराकडे (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) रेरा कायद्याच्या कलम १८ खाली बिल्डरकडून व्याजासह परताव्याचा अर्ज केला आहे का? केला नसेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला त्यात पक्षकार करा आणि वितरणाच्या प्रत्येक हप्त्याची तारीख व त्या दिवशीचा स्थापत्य अभियंत्याचा पाहणी अहवाल मागा. हा अहवाल फाइलमध्ये असायलाच हवा. नसेल, तर तेही लेखी मिळवा.

कल्याणजंक्शन

अर्ज केला आहे, पण संस्था त्यात पक्षकार नाही. पाहणी अहवालाची मागणी सोमवारी रजिस्टर पोस्टाने पाठवतो. मसुदा आपल्याला खासगी संदेशात पाठवला आहे. त्यातील वितरणाच्या तारखांचा तक्ता एकदा नजरेखालून घालावा.